गाडीमागचा वाघ्या

२०२३ सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट. कारखान्याचा पट्टा पडला आणि आमच्या पिंपळीच्या शिवारात उतरलेली ऊसतोडीची टोळी गावाकडे निघाली. बीड जिल्ह्यातली माणसं. बैल, गाड्या, भांडीकुंडी, पोरंबाळं सगळं ट्रकात चढलं. मागे राहिला एक तांबडा कुत्रा. मुद्दाम ठेवला की गडबडीत राहिला, देव जाणे. कोपी मोडल्या त्या जागी तो तीन दिवस बसून होता. भाकरी टाकली तरी तोंड लावीना. रस्त्यानं बैलांच्या घुंगरमाळा वाजल्या की तेवढा उठून धावायचा, गाडी पाहून यायचा, पुन्हा जागेवर बसायचा.

चौथ्या दिवशी मीच त्याला घरी आणला. आमची वस्ती रानात. जुना कुत्रा वर्षापूर्वी गेलेला, राखणीला कुणी नव्हतं. नातवानं नाव ठेवलं वाघ्या. आमच्या घरच्यांनी गोठ्याच्या खांबाला साखळी अडकवली आणि म्हणाले, "चार दिवस बांधून ठेव, आपोआप रुळेल." आपल्याकडे हीच रीत आहे, म्हणून मीही काही बोलले नाही.

चाराचे पंधरा दिवस झाले. वाघ्या रात्रभर रडायचा. खांबाभोवती फिरून फिरून त्यानं जमिनीत चर पाडला. दावं कुरतडलं, बारदान फाडलं. शेजारच्या जाऊबाई म्हणाल्या, "आक्का, हे पिसाळायचं लक्षण. घालवा त्याला." आणि एके दुपारी नातू त्याच्या ताटलीतली भाकरी सारखी करायला गेला, तर वाघ्यानं त्याच्या हाताला दात लावला.

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. हळद भरू का, चुना लावू का, असं बाकीच्यांचं चाललं होतं. मी पोराचा हात वाहत्या पाण्याखाली धरला आणि साबण लावून चांगली पंधरा मिनिटं धुतला. मग तडक सरकारी दवाखाना गाठला. तिथं लस मिळाली. पुढची इंजेक्शनंही दिलेल्या तारखांना चुकवली नाहीत. बायांनो, एवढं लक्षात ठेवा. कुत्रा घरचा असो की रस्त्यावरचा, दात लागला की साबण-पाणी आणि दवाखाना. पिसाळीचा रोग एकदा उठला की माणूस वाचत नाही, पण वेळेवर लस घेतली की तो टळतो.

घरचे त्याच संध्याकाळी वाघ्याला लांब नेऊन सोडायला निघाले होते. पण डॉक्टरांनी सांगितलं होतं, कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा, मारू नका, सोडूनही देऊ नका. म्हणून वाघ्याला दहा दिवसांची मुदत मिळाली. त्यानंतर त्याला घालवायचा, हे घरात ठरूनच गेलं होतं.

गुरांचे डॉक्टर त्याला बघायला आले. खांबाभोवतीचा चर त्यांनी पाहिला आणि विचारलं, "हा आधी काय करायचा?" मी म्हटलं, "काय करणार? गाडीमागं चालायचा." बोलता बोलता माझंच मला उमगलं. गाडीखालच्या कुत्र्याला वाटतं गाडी आपणच ओढतो, असं आपण हसून म्हणतो. पण तो कुत्रा रोज किती चालत असेल, याचा हिशेब कोण करतो? फडापासून कारखान्यापर्यंत आणि कारखान्यापासून फडापर्यंत, सारा हंगाम गाडीमागं चाललेलं जनावर आम्ही चार हात साखळीला बांधलं होतं.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला मी साखळी काढली, मऊ दोर बांधला आणि त्याला नीरा डाव्या कालव्याच्या भरावावर नेलं. पहिल्या दिवशी त्यानंच मला ओढत नेलं. हिसका द्यायचा नाही, ओढलं की आपण थांबायचं, दोर सैल झाला की पुढं निघायचं. आठवड्यात तो बरोबरीनं चालू लागला. सकाळी तासभर, दिवस कलल्यावर तासभर. एप्रिलच्या उन्हात डांबरी रस्त्यानं नेलं नाही. आपले तळवे पोळतात तसे त्याचेही पोळतात. फिरून आला की पाणी, जरा दम खाल्ला की भाकरी-ताक. ताटलीची जागा ठरलेली, आणि खाताना कुणी जवळ जायचं नाही, हा नियम पोरांना घालून दिला. तिसऱ्या रात्री रडणं थांबलं.

दहा दिवस झाले, वाघ्या ठणठणीत होता. त्याला लस टोचून घेतली. ती दरवर्षी टोचावी लागते. घरच्यांनी घालवायचा विषय काढला नाही. उलट मला म्हणाले, "तुझे गुडघे हल्ली धरत नाहीत वाटतं." खरंच होतं ते. रोजच्या चालण्यानं माझेही पाय मोकळे झाले होते.

जूनमध्ये तुकोबारायांची पालखी बारामतीहून आमच्या पिंपळी-लिमटेकवरून काटेवाडीकडे निघाली. दोर सोडलेला होता. माणसांचा तो लोंढा पाहून वाघ्या उठला आणि एका दिंडीमागं चालू लागला. मी हाक मारली नाही. ज्याची त्याची वाट. नातू मात्र डोळे भरून बघत राहिला. पुढं काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण झालं, पालखी सणसरकडे गेली. आमच्याकडे दिवे लागले. भाकरी थापताना माझं लक्ष सारखं दाराकडे.

अंधार पडता पडता धुळीनं माखलेला वाघ्या आला. पाणी प्यायला आणि गोठ्याच्या दारात आडवा झाला. खांबाला साखळी अजून लटकते आहे. तिला आता मी दुधाची किटली अडकवते.