सोलरमध्ये अडकलेली हवा

डिसेंबरात फजरला उठलो, तर अम्मी थंड पाण्यानं वजू करताना दिसली. सोलरचं गरम पाणी आठवडाभर येत नव्हतं. सांधे दुखत असूनही ती बोलली नव्हती.

मेकॅनिक फोनवर म्हणाला, नळ्या बदलाव्या लागतील. दुपारी गच्चीवर गेलो, तर सोलरच्या टाकीलगतचा पाइप चटका देत होता. म्हणजे पाणी तापत होतं, खाली उतरत नव्हतं.

आपल्या शहरात नळाला पाणी कित्येक दिवसांनी येतं. मध्ये गच्चीवरची टाकी कोरडी पडली आणि पाइपात हवा अडकली. हवा सुटायचा उभा पाइप बोअरच्या क्षारानं बुजलेला. ऊन उतरल्यावर तो तारेनं मोकळा केला, खालचा गरम पाण्याचा नळ उघडा ठेवला. आधी फुसफुसला, मग वाफाळला. मलिक अंबरच्या चारशे वर्षांपूर्वीच्या नहरीवरही हवा सुटायला मनोरे आहेत. शाळेपासून बघत आलो, कारण आता कळलं.

एक सांगतो: सोलर कोरडा पडला, तर भर उन्हात गार पाणी सोडू नका. तापलेल्या काचेच्या नळ्या तडकतात.

अम्मीला विचारलं, सांगितलं का नाहीस?

"तू काम में रहता ना, बेटा."

आता फजरला आधी तिच्या नळाखाली हात धरून बघतो.