वेळासची ठेव

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात, बाणकोटजवळ, वेळास हे लहानसे गाव आहे. नाना फडणवीसांचे हे मूळ गाव. आज मात्र त्याची ख्याती ऑलिव्ह रिडले या सागरी कासवांमुळे आहे. गेल्या फाल्गुनात आम्ही उभयता नाशिकहून तेथे गेलो होतो.

थंडीच्या दिवसांत मादी रात्री किनाऱ्यावर येते, मागील पायांनी सुमारे दीड फूट खोल खड्डा करते, त्यात शंभरेक अंडी घालते, वाळू लोटून तो बुजवते आणि समुद्रात परतते. पिलांचे मुख ती कधीच पाहत नाही. ऊब देण्याचे काम वाळू करते. विशेष म्हणजे पिलू नर की मादी, हेही वाळूच ठरवते. ती अधिक तापली तर माद्या अधिक, थंड राहिली तर नर अधिक. म्हणूनच पृथ्वीचे वाढते तापमान ही या जीवांपुढील मोठी चिंता आहे.

पूर्वी ही अंडी माणसे आणि कोल्हीकुत्री पळवीत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ग्रामस्थांना बरोबर घेऊन संरक्षणकार्य आरंभिले. पहाटे घरटे शोधून अंडी काही तासांतच, न हलवता-उलटवता, कुंपणातील तितक्याच खोल खड्ड्यात ठेवली जातात. गर्भ कवचाला चिकटल्यानंतर अंडे उलटले तर तो दगावतो. पन्नासेक दिवसांनी पिले वर येतात. ती समुद्रात नेऊन टाकत नाहीत. वाळूवर सोडतात, कारण तो प्रवास त्यांनी स्वतःच करावयाचा असतो. तळहातात मावतील एवढी ती पिले लाटेकडे धावताना सारा किनारा स्तब्ध होतो. हजारांतून एखादेच मोठे होते, असे म्हणतात.

आयुष्यभर ठेवींचा हिशेब पाहिलेल्या मला ही ठेव आगळी वाटली. ठेवणारी परत येऊन मागत नाही आणि राखणारे व्याज घेत नाहीत. मात्र पर्यटकांच्या राहण्याजेवणातून गावातील घरांना उत्पन्न मिळू लागले आणि रक्षणाला आधार लाभला. विसावे तीर्थंकर भगवान मुनिसुव्रतनाथांचे लांछन कासव आहे. मंदिरात ते नित्य पाहणाऱ्या आपल्या मुलांना हे जिवंत कासव अवश्य दाखवावे.

फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ योग्य. पिलांना स्पर्श करू नये, प्रकाशझोत टाकू नये, दोरीबाहेर उभे राहावे. कंदमुळे वर्ज्य असल्यास यजमानांना आधी कळवावे. एखाद्या दिवशी पिले निघत नाहीत. तेव्हा धीर धरावा.