दात न मोजता घेतलेले कॉलेज



खरसुंडीच्या बाजारात खिलारी खोंड घ्यायचे तर आपण काय करतो? तोंड उघडून दात पाहतो. आदत आहे की दोन दाती, ते ठरवतो. खूर पाहतो, पाठीवरून हात फिरवतो, चार पावले चालवतो. दलालाने रुमालाखाली कितीही बोटे दाबली तरी मन भरल्याशिवाय दावे हातात घेत नाही. या कामात मला चार लोक जाणता समजतात, बाजाराला सोबत नेतात. असा मी माणूस, पण थोरल्या मुलाचे कॉलेज मात्र दात न मोजता घेऊन बसलो. त्याची हकिकत सांगतो. तुमच्या घरात कुणी बारावीला असेल तर उपयोगी पडेल.

२०१८ साली थोरला बारावी झाला. कॉम्प्युटरचा इंजिनिअर व्हायचे त्याच्या मनात होते, पण सीईटीला दोनशेपैकी मार्क बेताचेच पडले. तालुक्याला एक गृहस्थ भेटले. "काळजी सोडा पाहुणे, सीट करून देतो," म्हणाले. त्यांच्याच गाडीतून कॉलेज पाहायला गेलो. पाच मजली काचेची इमारत. फरशी अशी, की चप्पल बाहेर काढावी वाटली. ऑफिसात गार हवा, चहा, आणि भिंतीवर टाय लावलेल्या मुलांचे फोटो, खाली पगाराचे आकडे. त्या फोटोंत मला माझाच मुलगा दिसू लागला. आठ दिवसांत ओढ्याकडेचे वीस गुंठे विकले आणि पैसे भरले. ती जागा संस्थेच्या कोट्यातली होती. सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून न घेतलेल्या जागेला फीची सवलत मिळत नाही, हे मला पुढच्या वर्षी समजले.

मुलगा सुट्टीला यायचा. मी विचारायचो, "कसे आहे कॉलेज?" तो म्हणायचा, "बरे आहे आबा." चार वर्षांत पदवी मिळाली, पण नोकरी मिळेना. पुण्यात एका क्लासला पुन्हा पैसे भरून तो शिकला आणि दीड वर्षाने कामाला लागला. आम्ही म्हटले, नशीब ज्याचे त्याचे.

२०२४ साली धाकटीची पाळी आली. तिलाही कॉम्प्युटरच हवे. सीईटीत नव्वदच्या वर पर्सेंटाइल आले. मी पेढे आणले, तर तीच म्हणाली, "आबा, हे मार्क नव्हेत." शंभर मुले परीक्षेला बसली असे धरा. आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण किती जणांना, ते हा आकडा सांगतो. नव्वद म्हणजे आपल्यापुढे अजून दहा जण उभे आहेत. लाखोंच्या परीक्षेत ते दहा जण म्हणजे हजारो मुले झाली. सांगलीचे वालचंद कॉलेज १९४७ सालचे, पुण्याचे सरकारी कॉलेज तर १८५४ सालचे. अशा नावाजलेल्या ठिकाणी कॉम्प्युटरच्या जागा फार वरच संपतात.

घरात बोलणे निघाले तेव्हा मुलीची आई म्हणाली, "एकदा वीस गुंठे गेले. आता राहिले तेवढे तरी राहू द्या." तिचे काय चुकले? मी गप्प बसलो. पोरगीही काही न बोलता धारेला निघून गेली. त्या आठवड्यात थोरला रजा काढून आला आणि म्हणाला, "आबा, या खेपेला पैसे भरायच्या आधी आपण तिघे बघून येऊ. कुणाच्या गाडीतून नको, एस.टी.ने जाऊ."

आम्ही चार कॉलेजे पाहिली. पहिल्या ठिकाणी मी सवयीने ऑफिसाकडे वळलो, तर त्याने माझा हात धरून मला कँटीनकडे नेले. तिथे मुले वडापाव खात होती. त्यांच्याशी बोलता बोलता तो विचारू लागला. लॅबमधले कॉम्प्युटर खरोखर चालतात का? वर्ग सुटल्यावर लॅब उघडी असते का? शिकवणारे सर वर्षभर तेच असतात की मध्येच सोडून जातात? प्रॅक्टिकल होतात, की वहीत नुसते उतरवून घेतात? गेल्या वर्षी वर्गात मुले किती होती आणि त्यांतली किती कामाला लागली?

मी बाजूला बसून ऐकत होतो. ऐकता ऐकता पोटात गोळा आला. हे सारे प्रश्न त्याला सुचले कुठून? त्याच्या स्वतःच्या चार वर्षांतूनच ना! परतताना स्टँडवर विचारले, "तुझ्या कॉलेजात असे होते, तर मला का नाही सांगितलेस?"

तो खाली बघत म्हणाला, "कसे सांगणार आबा? जमीन विकून झाली होती."

मंडळी, त्या दिवसापासून ते वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही. वीस गुंठे गेले त्याचे दुःख आहेच, पण त्या पैशाच्या ओझ्याखाली माझा मुलगा चार वर्षे "बरे आहे" म्हणत राहिला, त्याचे दुःख मोठे आहे.

म्हणून तुम्हाला सांगतो, पैशाच्या आधी चौकशी करा. आम्ही जे शिकलो ते थोडक्यात असे. एकाच विद्यापीठाला जोडलेल्या कॉलेजांत अभ्यासक्रम एकच असतो. स्वायत्त कॉलेज मात्र आपला अभ्यासक्रम आपण ठरवते. मग जोडलेल्या कॉलेजांत फरक कशाचा पडतो? शिकवणाऱ्याचा, लॅबचा आणि सोबतच्या मुलांचा. यातले काहीच इमारतीच्या काचेत दिसत नाही. नॅकचा दर्जा साऱ्या कॉलेजाला मिळतो, पण एन.बी.ए.ची मान्यता एकेका शाखेला असते. तेव्हा आपल्या शाखेला ती आहे का, असे नेमके विचारा. जागांवरची कमाल मर्यादा २०२४ साली उठली आणि पुष्कळ कॉलेजांनी कॉम्प्युटरच्या जागा वाढवल्या. जागा वाढल्या तसे शिक्षकही वाढले का, तेही पाहा. भिंतीवरचा सर्वांत मोठा पगार एकाच मुलाचा असतो. आपण मधल्या मुलाचा विचारावा. उसाचा सगळ्यात जाड कांडा दाखवून कुणी एकरी उतारा सांगत नाही.

पसंतीक्रमाचा अर्ज भरताना भिऊ नका. क्रम आपल्या खऱ्या आवडीने लावा. वर अवघड कॉलेज लिहिले म्हणून खालचे हुकत नाही. यादी वरून खाली पाहिली जाते आणि आपल्या गुणांत बसेल ती पहिली जागा मिळते. गेल्या वर्षी कुठली जागा कितीला संपली, त्याचे आकडे सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर असतात. ते समोर ठेवूनच बसा. मात्र नको असलेले कॉलेज पहिल्या क्रमांकावर लिहू नका. पहिलीच पसंती मिळाली की ती पक्की होते, पुढच्या फेरीत जाता येत नाही. २०२५ साली तर फेऱ्या चार झाल्या आणि दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतले, तिसरीत पहिल्या सहांतले काही मिळाले तरी ते पक्के, असा नियम आला. नियम दरसाल बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय बोट लावू नये.

कागदपत्रे आधी जमवा. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर आणि जातपडताळणी. ऐन वेळी तहसीलला गर्दी उसळते. मुलींसाठी जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने मोठा निर्णय केला. कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ई.डब्ल्यू.एस., एस.ई.बी.सी. आणि ओ.बी.सी. मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ झाली. त्यासाठी प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा. अल्पभूधारकांच्या मुलांना वसतिगृहासाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाची निर्वाह भत्ता योजना आहे. तरी खोली, मेस आणि लॅपटॉप यांचा खर्च उरतोच. तो वहीत मांडून घ्या.

आणि इंजिनिअरिंग जमलेच नाही तर जग बुडत नाही. तीन वर्षांची बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स किंवा बी.सी.ए. करून पुढे दोन वर्षांचे एम.सी.ए. करता येते. दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाणारीही मुले आहेत. वाट लांबची असेल, पण जमीन न विकता जाता येते.

आमच्या मुलीने चारांपैकी सगळ्यात साधी इमारत असलेले कॉलेज वर लिहिले. तिथली लॅब रात्री आठपर्यंत उघडी असते आणि एक बाई पंधरा वर्षे तोच विषय शिकवताहेत, हे कँटीनमधल्या मुलांनीच सांगितले होते. दुसऱ्या फेरीत तेच मिळाले. एक गुंठाही विकावा लागला नाही.

पहिल्या दिवशी तिला सोडून निघताना मी म्हटले, "बाळ, तुझ्यासाठी काही विकलेले नाही. बरे नसले तर बरे नाही म्हण." ती हसली. पुढच्याच रविवारी फोनवर म्हणाली, "आबा, गणित जड जातंय आणि मेसची आमटी म्हणजे नुसतं पाणी." तिच्या आईला काळजी वाटली. मला मात्र त्या रात्री गाढ झोप लागली.