वरच्या मजल्यावरचा हँडशॉवर



गेल्या वर्षी सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. आईंचं वय ८७. खुर्चीवर बसून बादलीपर्यंत वाकता येईना, म्हणून तांब्याने पाणी मी घालायचे. त्या तक्रार करत नसत, पण ओलं लुगडं घट्ट धरून डोळे मिटून बसायच्या. एके दिवशी म्हणाल्या, "अगं, माझी आंघोळ मला करू दे की."

म्हणून हँडशॉवर घ्यायचं ठरलं. मुलाने ऑनलाइन मागवला. ताटलीएवढा, चकचकीत, पाच तऱ्हेच्या धारा. बसवला तर गळक्या पत्र्यासारखं टिपटिप पाणी! प्लंबर म्हणाला, "काकू, प्रेशर पंप लावा." म्हणजे खर्च, घरघर, आणि वीज गेली की परत तांब्या. मी बी. कॉम.; आधी हिशेब, मग खर्च.

आमचा फ्लॅट सगळ्यात वरचा. लोकांना वाटतं टाकी जवळ म्हणजे पाणी जोरात. उलटं आहे. पाण्याचा जोर उंचीवर ठरतो: साधारण ३३ फूट उंचीला एक बार. आमच्या टाकीतलं पाणी भिंतीवरच्या शॉवरपेक्षा जेमतेम ८ फूट वर, म्हणजे पाव बार. पण शॉवर हातात, खुर्चीच्या उंचीला धरला की तो ४ फूट खाली येतो आणि तेच ८ चे १२ फूट होतात. बसून आंघोळ करणाऱ्याला हा दीडपट जोर फुकट मिळतो!

मग १० लिटरची बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ घेतलं. नुसती नळी सोडली तर बादली १ मिनिट ४० सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला ६ लिटर. शॉवर लावल्यावर अडीच मिनिटं. घोडं शॉवरपाशीच अडलं होतं. उघडून पाहिलं तर नळीच्या जोडावरच्या जाळीत बारीक रेती, आणि आत पाणी वाचवण्यासाठी बसवलेली बारीक भोकाची चकती. जोर भरपूर असेल तिथे ती चांगली. आमच्याकडे आधीच दुष्काळ. दोन्हींचा बंदोबस्त केला तरी धार विखुरलेलीच. एवढ्याशा पाण्याने एवढी भोकं भरणार कशी?

दुसरा मात्र दुकानात जाऊन घेतला. तोंड लहान, भोकं कमी, धार एकच, भोकांना रबरी टोकं. आमच्या बोअरच्या पाण्याचा क्षार अंगठ्याने चोळला की निघतो. नळी आतून रुंद आहे का, तेही बघून घेतलं. दुकानदार कंटाळला असेल, पण दोन मिनिटांत बादली भरते आणि धार अंगाला लागते.

आईंची खरी अडचण वेगळीच होती. "हे पाणी गाळलेलं कुठाय?" जन्मभर नळाला गाळणं बांधणाऱ्या बाईला मी काय सांगणार? तडजोड अशी झाली: पहिला तांब्या गाळलेल्या पाण्याचा, तो मी डोक्यावर घालते. पुढचं शॉवरने, आणि साबण लावताना बंद. चालू पाणी सगळं मिळून तीन मिनिटं, म्हणजे १५ लिटर. बादलीएवढंच. हे मोजून दाखवल्यावरच त्या तयार झाल्या.

एक सांगायचं राहिलं. हातातलं बटण फक्त साबणापुरतं. आंघोळ झाली की भिंतीवरचा नळ आठवणीने बंद करा. नाहीतर नळीवर सारखा ताण राहून ती फुटते, आणि मिक्सर उघडा राहिला तर गरम-गार पाणी एकमेकांच्या पाइपात शिरतं. गरम पाण्याचा अंदाज मी आधी माझ्या मनगटावर घेते, मगच शॉवर त्यांच्या हातात देते.

पहिल्या दिवशी मी सवयीने तिथेच उभी राहिले. आईंनी शॉवर माझ्याकडे वळवला. "जा आता बाहेर. दार लोट, कडी नको." मी भिजलेल्या साडीनेच दाराबाहेर स्टुलावर बसून राहिले. आतून पाण्याचा आवाज येत होता, थांबत होता, परत येत होता.