रिकाम्या स्लॉटांचे दिवस

नव्वदच्या दशकात मध्यमवर्गीय घरात संगणक आला, तर तो बहुतेक वेळा असेंबल केलेला असे. मुंबईत त्यासाठी लॅमिंग्टन रोड गाठायचा. या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण खरेदीला जाणारा प्रत्येक जण लॅमिंग्टन रोडच म्हणत आला. दुकानदार चिटोऱ्यावर भावाची यादी लिहून देई: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, कॅबिनेट. यादी पक्की झाली की पोटमाळ्यावरचा कारागीर स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसे आणि तास-दोन तासांत गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर यंत्र उभं राही. ते काम बघत बघत मी शिकलो आणि पुढे त्याच कामावर घर चालवलं. मदरबोर्डवरचे स्लॉट आणि एसएमपीएसच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याच्या, वायरी यांच्याबद्दल मला वाटणारी माया ही अशी हाताखालून आलेली आहे.

तेव्हाच्या मदरबोर्डचा निम्मा भाग स्लॉटच अडवून बसलेले असत. लांबलचक काळे आयएसए, शेजारी आखूड पांढरे पीसीआय आणि १९९७ नंतर ग्राफिक कार्डासाठी एक तपकिरी एजीपी. रंग पाहून पिढी ओळखता येई. काळ्या स्लॉटचं मूळ १९८१ च्या आयबीएम पीसीत होतं, पांढरा १९९२ चा. बोर्डाजवळ स्वतःचं असं फारसं काही नसे. आवाज हवा असेल तर साउंड कार्ड, फोनच्या लाइनीवरून इंटरनेट हवं असेल तर मोडेम कार्ड, दोन संगणक जोडायचे तर लॅन कार्ड. दिवाळीचा बोनस झाला की एक कार्ड यायचं, पुढच्या वर्षी दुसरं. संगणक घेऊन झाला, असं कधी म्हणता येत नसे. तो वर्षानुवर्षं वाढत राही.

कार्ड नुसतं खोचून भागायचं नाही. त्याच्यावरचे चिमुकले जंपर चिमट्याने हलवून पत्ता ठरवून द्यावा लागे. साउंड ब्लास्टर असेल तर पोर्ट २२०, आयआरक्यू ५, डीएमए १ हे आकडे जुन्या मंडळींना आजही तोंडपाठ असतील. दोन कार्डांना एकच आयआरक्यू, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायची एकच वाट, मिळाली की दोन्ही रुसायची. कुठलं कार्ड कुठला आकडा वापरतंय, याचा हिशेब कारागिराच्या डोक्यात असावाच लागे.

विजेच्या जोडणीत तर जबाबदारी पूर्णपणे हाताची. जुन्या एटी एसएमपीएसमधून मदरबोर्डसाठी सहा-सहा पिनांचे दोन वेगळे प्लग निघत, पी८ आणि पी९. ते एकाच ओळीत शेजारीशेजारी बसवायचे. थोडे तिरके धरायचे, प्लास्टिकचे दात बोर्डावरच्या पट्टीत अडकवायचे आणि मग हळूच सरळ करून दाबायचे. दोघांची जागा बदलली तरी ते बसत आणि बटण दाबताच बोर्ड कायमचा जाई. म्हणून शिकाऊ मुलाला पहिला धडा हाच: “काळ्याला काळी लाव रे, मग बटण दाब.” दोन्ही प्लगांच्या काळ्या वायरी मधोमध एकमेकींना भिडल्या पाहिजेत. हा नियम कुठल्या माहितीपुस्तकातून आम्हांला मिळाला नव्हता, तो वरिष्ठाच्या तोंडून मिळाला होता.

१९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स आणलं आणि दोन प्लगांचा एक वीस पिनी प्लग झाला. तो एकाच बाजूने बसे, खटकन खिटी अडके. पेंटियम फोरच्या वेळी प्रोसेसरसाठी चार पिनांचा वेगळा प्लग आला, मग विसाच्या चोवीस पिना झाल्या. २००४ पासून पीसीआय एक्सप्रेसचे स्लॉट बाजारात दिसू लागले: ग्राफिक कार्डासाठी लांब एक्स-१६ आणि बाकीच्यांसाठी बोटाच्या पेराएवढा एक्स-१. पण तोवर साउंड, लॅन, पुढे ग्राफिकसुद्धा मदरबोर्डच्याच अंगात आलं होतं. गिऱ्हाईक कार्ड मागेनासं झालं. कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याच्या पट्ट्या काढायची वेळच येईना. एक्स-१ स्लॉट तर कित्येक संगणकांत कोरेच राहिले आणि तसेच भंगारात गेले.

त्या बिनकामाच्या स्लॉटला पुन्हा भाव आला तो क्रिप्टोच्या माइनिंगमुळे, म्हणजे संगणकाकडून अखंड गणितं करवून आभासी नाणी कमावण्याच्या धंद्यामुळे. बिटकॉइन सुरू झालं जानेवारी २००९ मध्ये, साध्या प्रोसेसरवर. २०१० मध्ये लोकांच्या लक्षात आलं की एकच गणित अब्जावधी वेळा करायचं तर ग्राफिक कार्ड कितीतरी सरस. २०१३ मध्ये खास बिटकॉइनसाठी घडवलेल्या एसिक चिपा आल्या आणि तिथून ग्राफिक कार्डांचं राज्य संपलं. पण ३० जुलै २०१५ ला इथेरियम हे दुसरं क्रिप्टोचं जाळं सुरू झालं. त्याचं गणित मुद्दाम मेमरीवर भार टाकणारं होतं, त्यामुळे ग्राफिक कार्डाला पुन्हा मागणी आली.

यातली गंमत कारागिराला चटकन कळली. माइनिंगच्या कार्डाला प्रोसेसरशी फार बोलावं लागत नाही. परीक्षेच्या हॉलसारखंच ते: प्रश्नपत्रिका एकदा वाटून झाली की मुलं मान खाली घालून लिहीत बसतात, मग दार अरुंद असलं तरी कुणाचं काही अडत नाही. म्हणजे सोळा पदरी एक्स-१६ ची गरजच नाही; एक पदरी एक्स-१ वरही कार्ड तेवढीच कमाई करतं. सुरुवातीला काही हौशी लोकांनी एक्स-१ स्लॉटचं टोक तापल्या पात्याने कापून त्यात लांब कार्ड बसवलं. मग स्लॉटपासून लांब ठेवलेल्या कार्डापर्यंत जोडणी नेणारे, पट्टीसारख्या केबलचे रायझर आले आणि शेवटी सगळीकडे रुळला तो यूएसबी ३ च्या केबलचा रायझर. दिसायला यूएसबी, पण तिच्यातून यूएसबीचा सिग्नल जात नाही. त्या वायरींमधून पीसीआय एक्सप्रेसची एक पदरी वाट कार्डापर्यंत नेलेली असते. कॅबिनेट गेलं आणि त्याच्या जागी अॅल्युमिनियमच्या चौकटीवर ओळीने टांगलेली कार्डं आली.

मग कंपन्यांनीही माइनिंगसाठीच बोर्ड काढले. एएसरॉकच्या एच८१ प्रो बीटीसीवर सहा स्लॉट होते, आणि स्लॉटांना जादा वीज देण्यासाठी बोर्डावरच मोलेक्सच्या दोन जोडण्या. २०१७ मध्ये त्यांच्याच एच११० प्रो बीटीसी प्लसवर तेरा स्लॉट आले. आसुसचा बी२५० मायनिंग एक्स्पर्ट तर एकोणीस स्लॉटांचा, आणि त्यावर चोवीस पिनांच्या तीन जोडण्या, म्हणजे एका बोर्डाला तीन एसएमपीएस. २०१८ च्या एच३७० मायनिंग मास्टरने छोटे स्लॉटच काढून टाकले आणि वीस रायझर केबली सरळ बोर्डात खोचायची सोय केली. पंचवीस वर्षांपूर्वी पाच-सहा स्लॉट असलेला बोर्ड हातात आला की ‘भरपूर जागा आहे’ म्हणणारे आम्ही, तो तेरा स्लॉटांचा बोर्ड हातात घेऊन हरखून गेलो होतो.

फरक एवढाच की जुन्या बोर्डावर प्रत्येक स्लॉटचं काम निराळं होतं. माइनिंगच्या बोर्डावर तेराही स्लॉट एकच काम करत. तरी मला तो काळ आवडतो, कारण विजेचा हिशेब पुन्हा माणसाच्या हातात आला. सहा पिनांच्या प्लगमधून ७५ वॅट, आठ पिनांच्या प्लगमधून १५० वॅट आणि स्लॉटमधून आणखी ७५ पर्यंत, हे कोष्टक पोरांना पाठ झालं. प्रोसेसरचा आठ पिनी प्लग आणि ग्राफिक कार्डाचा आठ पिनी प्लग सारखे दिसत असले तरी त्यांच्यात बारा व्होल्ट आणि ग्राउंड उलट्या बाजूंना असतात, हे त्यांना कळलं. जून २०१६ मध्ये एएमडीचं आरएक्स ४८० बाजारात आलं, तेव्हा ते स्लॉटमधून मर्यादेपेक्षा जास्त वीज ओढतं हे चाचण्यांत उघड झालं आणि कंपनीला लगोलग नवा ड्रायव्हर द्यावा लागला. त्या आठवड्यात कोवळी मुलं स्लॉटच्या अँपिअरवर वाद घालताना मी ऐकली.

एका तरुणाची रिग, म्हणजे माइनिंगची कार्डं टांगलेली चौकट, माझ्याकडे आली होती. कार्डं सगळी ठणठणीत, पण रात्री-बेरात्री रिग बंद पडायची. रायझर सोडवले तेव्हा दोष समोर आला. रायझरबरोबर फुकट आलेला कन्व्हर्टर त्याने वापरला होता: एका टोकाला हार्ड डिस्कला वीज देणारा साटाचा प्लग, दुसऱ्या टोकाला सहा पिना. साटाच्या प्लगचं पांढरं प्लास्टिक तपकिरी पडून एका कडेला वितळलं होतं, पिवळी वायर कडक होऊन चुरचुरत होती आणि जळक्या रबराचा वास अजून गेला नव्हता. हिशेब कागदावर मांडला. साटाच्या प्लगमध्ये बारा व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे सगळ्या मिळून ५४ वॅट. स्लॉटमधून कार्ड बारा व्होल्टवर साडेपाच अँपिअरपर्यंत मागू शकतं, म्हणजे ६६ वॅट. चौपन्नाच्या वाटेने सहासष्ट चोवीस तास नेले तर प्लग जळणारच. त्याने तो कागद घडी घालून खिशात ठेवला, साटाचे सगळे कन्व्हर्टर काढून टाकले आणि प्रत्येक रायझरला एसएमपीएसमधून सरळ सहा पिनांची वायर दिली. वर्गात ‘व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट’ हे सूत्र लिहून घेतलेला हा मुलगा त्या दिवशी ते खऱ्या अर्थाने शिकला.

घरातल्या मीटरनेही असंच शिकवलं. सहा कार्डांची रिग ९०० वॅट घेत असेल तर दिवसाला सुमारे साडेएकवीस युनिट, महिन्याला सुमारे साडेसहाशे. घरगुती दराच्या वरच्या टप्प्यात बिल जाऊन बसे. मग एसएमपीएस किती वीज वाया घालवतो हे सांगणाऱ्या गोल्ड, प्लॅटिनमच्या शिक्क्यांचा अर्थ लोक विचारू लागले. कार्डाचे व्होल्ट खाली आणून तेवढंच काम कमी विजेत कसं करून घ्यायचं, हे शोधू लागले. एका चौकटीला दोन एसएमपीएस लागले की दुसऱ्याच्या चोवीस पिनी प्लगमधली हिरवी वायर काळीला जोडून तो सुरू करायचा, ही आमच्या दुकानातली जुनी युक्ती आता घरोघर माहीत झाली.

सरकारदरबारी चित्र सारखं हलत होतं. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टोपासून दूर राहायला सांगितलं, मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं, एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आला. इकडे बाजारात, मधल्या २०२१ च्या साली, माइनिंगच्या मागणीमुळेही ग्राफिक कार्ड छापील भावात मिळणं मुश्कील झालं. आर्किटेक्ट, व्हिडिओ एडिटर, गेम खेळणारी मुलं रिकाम्या हातांनी परत जात. तो त्रास खरा होता आणि या आठवणींत तो लपवून ठेवणं बरोबर नाही.

१५ सप्टेंबर २०२२ ला, आपल्याकडे दुपारचे सव्वाबारा होत असताना, इथेरियमने माइनिंगची पद्धतच सोडली. विजेचा खर्च जवळपास शून्यावर आला आणि जगभरातली लाखो कार्डं त्याच क्षणी बेकार झाली. एवढा विजेचा वापर थांबला हे चांगलंच झालं. पुढचे काही महिने वापरलेल्या कार्डांनी बाजार भरून गेला आणि प्रत्येक गिऱ्हाईक आधी विचारू लागलं, “माइनिंगचं नाही ना?”

आज नवा मदरबोर्ड उघडला की एक लांब स्लॉट दिसतो, फार तर दोन. त्यावर बसणारं कार्ड इतकं जाड की शेजारच्या स्लॉटांवर आडवं पसरतं. वीज द्यायला बऱ्याचदा एकच सोळा पिनांचा प्लग, ६०० वॅटपर्यंतचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० बरोबर तो घरोघरी पोहोचला आणि नीट न बसलेले प्लग वितळल्याच्या तक्रारी त्याच महिन्यात सुरू झाल्या. २०२३ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती काढावी लागली. प्लग पूर्ण आत गेला की नाही हे बोटांनी तपासायची सवय पी८-पी९ च्या पिढीला होती. आता ती पुन्हा शिकवावी लागते आहे. बिटकॉइनचं माइनिंग करणारी आजची पेटी तर बाहेरून बंद: विजेची वायर लावा, लॅनची केबल लावा, संपलं. लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा रॅमसुद्धा बोर्डाला सोल्डर केलेली.

या बंद यंत्रांचा वेग, आकार, काटकसर सगळं मला मान्य आहे. पण स्लॉट ठेवणारा इंजिनिअर पुढच्या माणसावर विश्वास टाकत होता. एक्स-१ २००४ मध्ये बाजारात आला, तेव्हा तो आखणाऱ्यांच्या डोक्यात बिटकॉइन असणं शक्यच नव्हतं. ते जन्माला यायला आणखी पाच वर्षं होती. तरी त्यांनी सोडलेल्या त्या छोट्या जागेतून एक अख्खा धंदा उभा राहिला. आज काही हौशी लोक त्याच जुन्या चौकटींवर वापरलेली कार्डं बसवून घरच्या घरी भाषेची मॉडेलं चालवतात. हासुद्धा उपयोग आखणाऱ्यांच्या हिशेबात नव्हता. माझ्या मनातल्या आठवणींचा गाभा हाच आहे: जागा मोकळी असली की माणसं तिचं काहीतरी करतात.

तेरा स्लॉटांचे ते बोर्ड आता मातीमोल भावात मिळतात. आयटीआयच्या, तंत्रनिकेतनांच्या प्रयोगशाळांनी ते उचलावेत. एक रायझर, एक जुनं कार्ड, एक क्लॅम्प मीटर एवढ्यात मुलांना खूप शिकवता येईल: एक पदर आणि सोळा पदर यांतला फरक, कुठल्या पिनेतून किती अँपिअर जातात, आणि साटाच्या कन्व्हर्टरला नकार का द्यायचा. यंत्र उघडायला न भिणारी पिढी हवी असेल, तर तिच्या हातात उघडता येणारं यंत्र द्यावं लागेल. अशी यंत्रं अजून गोदामांत पडून आहेत. ती भंगारात जाण्याआधी वर्गात पोहोचवू या.