शाखा की स्वतंत्र घर?

गेल्या रविवारची गोष्ट. बोईसरला विहारातली वंदना आटोपून घरी आलो, तर पालघरहून आलेला माझा भाचा आणि माझा मुलगा यांच्यात जोराचा वाद जुंपला होता. दोघेही नववीत. वाद अभ्यासाचा नव्हे, मोबाईलवरच्या खेळांचा. भाचा म्हणत होता, "फ्री फायर ही पब्जीचीच शाखा आहे." मुलगा म्हणत होता, "मुळीच नाही, ते वेगळं घर आहे." अखेर भाच्याने मला पंच केले. "मामा, तुम्ही हिशेबातले माणूस. तुम्हीच सांगा."

तारापूर एमआयडीसीत कारकुनी करता करता केस पिकले. बी.कॉम.ला शाखांचे हिशेब शिकलो होतो, ते आठवले. म्हणालो, "सोपं आहे. नफा कोणाच्या ताळेबंदात जातो ते बघा. मुख्य कचेरीच्या ताळेबंदात गेला तर शाखा, नाहीतर स्वतंत्र पेढी."

फ्री फायरचा निकाल लगेच लागला. पब्जी दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीची, फ्री फायर सिंगापूरच्या गरेनाची. जानेवारी २०२२ मध्ये तर क्राफ्टनने नकलेचा आरोप करून गरेनावर अमेरिकेत दावा लावला. आपल्याच शाखेवर कोणी दावा लावील काय? दोन्ही खेळांत विमानातून बेटावर उडी मारायची आणि शेवटपर्यंत टिकून राहायचे, म्हणून भाचा फसला. धंदा सारखा असला म्हणजे दुकान एक होत नाही.

मग बीजीएमआयचा विषय निघाला. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने पब्जी मोबाईलवर बंदी घातली आणि जुलै २०२१ मध्ये तोच खेळ भारतापुरता या नव्या नावाने आला. ही शाखाही नव्हे नि वेगळे घरही नव्हे. माल तोच, लेबल नवे. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेला न्यू स्टेट मात्र खरी शाखा. जग पब्जीचेच, पण काळ २०५१ सालचा.

माझी छाती फुगली. तेवढ्यात मुलगा हळूच म्हणाला, "पप्पा, मग कॅलिस्टो प्रोटोकॉलचं काय?"

या खेळाचे नावही मी ऐकले नव्हते. त्यानेच सांगितले. २०२० च्या डिसेंबरात हा खेळ जाहीर झाला, तेव्हा ती पब्जीच्याच जगातली, तीनशे वर्षांनंतरची कथा असल्याचे सांगितले होते. बनवणारी कंपनी क्राफ्टनच्याच मालकीची. पण २०२२ मध्ये बनवणाऱ्यांनी जाहीर केले की, आमच्या कथेचा आता पब्जीशी संबंध नाही. त्याच वर्षी डिसेंबरात खेळ आला. गुरू ग्रहाच्या एका चंद्रावरचा तुरुंग, त्यात अडकलेला माणूस आणि राक्षस. मालक एकच, पण घर वेगळे. माझी ताळेबंदाची कसोटी तिथेच पडली.

"मग तुझी कसोटी कोणती?" मी विचारले.

"मूळ खेळ काढून घेतला तर हा उभा राहतो का, ते बघायचं. पब्जी काढली तर न्यू स्टेटला अर्थच राहत नाही. कॅलिस्टो उभा राहतो. आणि पप्पा, खुद्द पब्जीचं बघा. ब्रेंडन ग्रीन यांनी असा खेळ आधी आर्मा नावाच्या दुसऱ्यांच्या युद्धखेळात फेरफार करून बसवला होता. पब्जी आली २०१७ मध्ये. तिला कोणी आर्माची शाखा म्हणत नाही."

एवढे बोलून तो गप्प झाला. मग खाली बघत म्हणाला, "वर्गात एक मुलगा म्हणतो, तुमचा धर्म म्हणजे आमचीच शाखा, बुद्ध आमचाच अवतार. सगळे हसले. मला काही बोलता आलं नाही."

खेळावरून तो एवढा का तापला होता, ते मला तेव्हा कळले. त्याच्या वयाचा असताना हेच वाक्य मीही ऐकले होते आणि मीही गप्प बसलो होतो.

म्हणालो, "बाळा, तुझीच कसोटी लाव. माती एकच, कर्मासारखे काही शब्दही दोन्हीकडे आहेत. पण वेदांचं प्रामाण्य, सृष्टी निर्माण करणारा ईश्वर, अमर आत्मा आणि चातुर्वर्ण्य काढून घे. धम्म उभा राहतो की नाही? राहतो, कारण तो यांतल्या कशावरच उभा नाही. तो पंचशील आणि अष्टांगिक मार्गावर उभा आहे. श्रीलंकेत, थायलंडमध्ये तो शतकानुशतके स्वतःच्या नावाने नांदतो. बुद्ध विष्णूचा अवतार आहेत हे आम्ही मानत नाही, अशी प्रतिज्ञा परमपूज्य बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपल्याला उगाच नाही दिली."

दोघेही ऐकत होते. भाचा म्हणाला, "मामा, हे वर्गात भांडण न करता सांगता येईल?" म्हटले, "येईल. आत्ता तुम्ही मला खेळ समजावलात ना, तसंच सांगायचं."

माता-पित्यांनो, मुलाच्या हातात मोबाईल दिसला की आपण ओरडतो. मीही ओरडतो. अभ्यासाच्या वेळी तो काढून घ्यावाच. पण कधी घटकाभर शेजारी बसून, काय खेळतोस, असे विचारून पाहा. मी बसलो म्हणून मुलाच्या मनातले शल्य मला कळले.

आपल्याच पालघर जिल्ह्यात नालासोपाऱ्याला प्राचीन स्तूप आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उजेडात आणला. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यातच सापडला. येत्या रविवारी दोघांना तिकडे घेऊन जाणार आहे. आपले घर किती जुने आहे, ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

जयभीम!