आधी तिथी बघा

कांदळवनाच्या कामाला यायचं तर आधी तिथी बघा, असं मला फोनवर सांगितलं गेलं. खोताच्या वाडीतल्या आमच्या घरात कॅलेंडर भिंतीवर असतं ते चतुर्थी-एकादशीसाठी. गिरगाव चौपाटी एवढी जवळ, तरी भरतीची वेळ तिथीवरून काढता येते हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, की ढोबळ तास मिळतो. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे ओहोटी दुपारी बाराला. शिवाय अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी वरच्या चिखलापर्यंत चढत नाही. खोदायला तेच दिवस बरे.

चर्नी रोड, दादर, ठाणे करत ऐरोलीला पोचले आणि विचारलं, रोपं कुठे आहेत? दिवा कोळीवाड्यातल्या एका काकांनी माझ्या हातात फावडं दिलं. म्हणाले, "झाडं नाय लावायची आज, ताई. पाण्याला वाट द्यायची हाय."

समोर जे होतं त्याचा मला अर्थच लागेना. कुणीतरी रातोरात टाकलेल्या राडारोड्याचा लांबलचक ढीग, त्याच्या आतल्या बाजूला गुडघाभर काळं पाणी, आणि त्या पाण्यात उभी वाळलेली तिवरं. तिवर तर खाडीचंच झाड. भरतीचं पाणी रोज अंगावर घेणारं झाड पाण्यात कसं मरतं?

काकांनी मला ढिगाच्या पलीकडे, जिवंत तिवरांखाली नेलं. चिखलातून बोटभर जाडीच्या मुळ्या सरळ वर आलेल्या, हजारोंनी. चिखलाच्या आत हवा जवळजवळ नसते, म्हणून तिवर ओहोटीच्या वेळी या मुळ्यांवरच्या बारीक छिद्रांतून श्वास घेतं. पाणी येतं आणि जातं, यावर त्याचं सगळं आयुष्य चालतं. ढिगाने वाट अडवली की आत शिरलेलं पाणी परत जात नाही, पावसाचं गोडं पाणीही तिथेच साचतं, आणि मुळ्या कायमच्या बुडतात. प्लास्टिकच्या पिशव्या त्यांच्याभोवती गुंडाळल्या गेल्या तरी हेच होतं. उलट, भरती पोचलीच नाही तर उन्हाने पाणी उडून जातं आणि चिखलात मीठ वाढत जातं. तिवर पानांवाटे मीठ बाहेर टाकतं. मी एक पान चाटून पाहिलं, खरंच खारट. पण त्यालाही मर्यादा आहे.

मग आम्ही ढिगात तोंड फोडलं आणि आत चर खणत गेलो. मातीला सडक्या अंड्यांचा वास, पाय गुडघ्यापर्यंत आत, फावड्याला चिकटलेला गाळ सुटता सुटेना. चर किती खोल न्यायचा हे मला अजून नीट कळत नाही. फार खोल झाला तर आतला चिखल कोरडा पडतो, उथळ राहिला तर पाणी साचतं. काका शेजारच्या जिवंत तिवरांखालची पातळी बघून ठरवत होते.

पुढे खाडीकडे कितीतरी मोकळा चिखल पसरलेला. तिथे रोपं का लावत नाहीत, मी विचारलं. "ती पाखरांची जागा. निवट्या माशांची बी." तो चिखल इतका खाली आहे की रोपं बराच वेळ पाण्याखाली राहून मरतात, आणि जगलीच तर रोहितांची (फ्लेमिंगोंची) चरायची जागा जाते. फिलिपिन्समध्ये अशा चुकीच्या जागी लावलेली फार मोठी लागवड मरून गेली. कांदळ, चिपी, काजळा, मारांडी ही नावं मी घोकत होते, पण झाडाच्या नावाआधी त्याची पातळी ओळखायला हवी हे तिथे समजलं.

पौर्णिमेच्या उधाणाला मुद्दाम गेले. खाडीत आत भरती थोडी उशिरा पोचते. पाणी चरातून आत शिरलं आणि, मी ज्याची वाट पाहत होते, ओहोटीबरोबर परत निघालं. पावसात तिवराचं फळ गळतं. बी फळातच रुजायला लागलेलं असतं, ते साल टाकून तरंगत येतं. मूळ धरायला त्याला काही दिवस पाण्याचा धक्का नको असतो. वाट मोकळी असेल आणि जवळ जुनी झाडं असतील तर लागवडीची गरज बहुधा पडत नाही. बी येतच नसेल तिथे रोपवाटिकेतली रोपं लावायची.

मुंबईत या कामासाठी कायद्याचं बळ आहे. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनाच्या तोडीला मनाई केली, २०१८ च्या निकालात नष्ट झालेलं पूर्ववत करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे. ठाणे खाडीचं रोहित अभयारण्य २०१५ चं, आणि २०२२ पासून ही खाडी रामसर पाणथळ जागा आहे. तरीही राडारोड्याचा एक डंपर रात्रीत भरतीची वाट बंद करू शकतो, याचा मला फार राग येतो. किती रोपं लावली हे मोठ्या अक्षरात छापलं जातं. किती ठिकाणी पाणी पुन्हा येऊ-जाऊ लागलं, तेही छापलं जावं.

पाण्याची वाट अडवणं आम्हाला नवं नाही. आमची दक्षिण मुंबई १७८० च्या दशकातल्या हॉर्नबी वेलार्ड या बांधापासून पाणी अडवूनच सलग झाली. मोठी भरती आणि मोठा पाऊस एकत्र आले की शहरातलं पाणी समुद्रात जाऊ शकत नाही. पावसात गिरगावात तुंबणारं पाणी आता मला वेगळं दिसतं.

चराच्या तोंडाशी प्लास्टिक पुन्हा अडकतं, ते दर उधाणानंतर काढावं लागतं. वाडीतल्या दोघी-तिघी यायला तयार आहेत. जुने बूट आणायला सांगितलंय.